घरातलं पहिलं एमबीबीएस: आश्रमशाळा, तांडा, ऊसतोड आणि वस्तीतून आलेल्यांचे अनुभव

मेडिकलला जायचं ठरवलेली अकरावी-बारावीतली मुलं मला फोन करतात, तेव्हा फिजिक्सबद्दल क्वचितच विचारतात. व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) कुठून काढायची, फी कोण भरणार, इंग्रजी झेपेल का, तिथे आपल्याला धड वागवतील का, हेच प्रश्न येतात. ज्यांच्या घरात आधी कोणी डॉक्टर नव्हतं आणि जे आज शासकीय महाविद्यालयात शिकतायत, त्यांनी स्वतःवर बेतलेलं तेवढंच लिहावं, अशी विनंती केली होती. नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

द्वितीय वर्ष, यवतमाळ जिल्ह्यातला तांडा

जय सेवालाल. माझं सांगणं एकच आहे आणि ते अभ्यासाबद्दल नाही. अकरावीला प्रवेश घेतला की त्याच महिन्यात जात पडताळणीचा अर्ज करा. कॉलेजचं पत्र लागतं, ते मागून घ्या. व्हॅलिडिटी हातात नसेल तर राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही. मार्क असूनही मूल खुल्या यादीत ढकललं जातं.

आम्हा विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. आता तांड्यावर आजोबाच शाळेत गेले नाहीत, तर दाखला कुठला असणार? मग वडिलांकडच्या नात्यात शोधायचं. चुलत आजोबा, त्यांची भावंडं, कोणी एक जण चौथीपर्यंत तरी गेलेला असतो. त्या शाळेच्या जुन्या प्रवेश रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडून घ्या. तेही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदीत पुष्कळदा जात लिहिलेली असते. आमच्याकडे एकाच घरात कुठे लमाण, कुठे बंजारा, कुठे लमाणी असं लिहिलेलं होतं. असा फरक असला तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नीट करून घ्या. काका, आत्या किंवा चुलत भावाची व्हॅलिडिटी असेल तर ती आधी जोडा, त्याने मोठा आधार मिळतो. पुरावा कमी वाटला तर दक्षता पथक घरी चौकशीला येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण म्हाताऱ्या माणसांना आधी सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. राज्याच्या 85 टक्के जागांवर आपण व्हीजे-ए (विमुक्त जाती), पण एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या काउन्सेलिंग समितीच्या, 15 टक्के जागांवर आपण केंद्राच्या यादीतले ओबीसी. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. दोन्ही काढून ठेवा.

तृतीय वर्ष, नंदुरबार, आश्रमशाळा

घरी पावरी, शाळेत मराठी आणि अकरावीला एकदम सगळं विज्ञान इंग्रजीत. कोणत्या वाक्यात क्रियापद कुठलं, हेच कळायचं नाही. नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, मराठीतून देता येते, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात आणि एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत. म्हणून मी इंग्रजीच धरलं. बायोलॉजीचं पुस्तक रोज थोडं मोठ्याने वाचायचो आणि समोर मराठीत अर्थ लिहायचो. 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोलॉजीचे आहेत आणि त्यातला फार मोठा भाग एनसीईआरटीच्या ओळींवरच असतो. इंग्रजीच्या भीतीने तिकडे पाठ फिरवू नका.

पहिल्या वर्षी कळलं की 'ब्रॅकियल प्लेक्सस' (खांद्याजवळचं नसांचं जाळं) मुंबईच्या इंग्रजी शाळेतल्या मुलालाही तेवढाच नवा असतो. तिथे सगळे एका रेषेवर येतात. अडचण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला येते, कारण उत्तर माहीत असतं पण तोंडातून निघत नाही. रूममेटला समोर बसवून रोज एक प्रश्न मोठ्याने सांगायचा, याला दुसरा उपाय मला सापडला नाही.

आणि हे लक्षात ठेवा. वॉर्डात धडगावकडची एक आई तापाने फणफणलेलं पोर घेऊन बसली होती आणि तिला काय विचारतायत हे तिला कळत नव्हतं. मी पावरीत विचारलं. पोराला जुलाब कधीपासून आहेत, घरी काय पाजलं, कुठलं औषध दिलं, सगळं तिने सांगितलं. सरांनी ती हिस्टरी माझ्याकडूनच लिहून घेतली. आपली भाषा आपल्या लोकांना लागते. नंदुरबारला 2020 पासून आणि गडचिरोलीला 2024 पासून शासकीय महाविद्यालय आहे, तिथे तर फारच.

प्रथम वर्ष, बीड, ओबीसी

आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला कारखान्यावर जातात. मी आजीपाशी राहून शिकले. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळ्यावर पालकांची सही लागते आणि पालक असतात फडात. म्हणून उन्हाळ्यात ते गावी असतानाच सगळे कागद उरकून घ्या.

क्लासची फी ऐकून माघार घेऊ नका. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना दहावीनंतर महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेकडून टॅब आणि ऑनलाइन शिकवणी मोफत मिळते. पुण्यात बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' गरीब मुलांना नीटसाठी शिकवते. दक्षणा फाउंडेशनही निवड परीक्षा घेऊन मोफत शिकवतं. अर्जाच्या तारखा आधीपासून बघत राहा.

जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. पण मेस, प्रवास, ॲप्रन, पुस्तकं यांना सुरुवातीलाच रोख पैसे लागतात आणि महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे मागाहून येतात. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते बघा. पुस्तकं आणि हाडांचा संच सीनियरकडून घ्या. मागायला लाजू नका, त्यांनीही कोणाकडून तरी घेतलेला असतो.

तृतीय वर्ष, मुंबई, झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत

जय भीम. पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "तुझी रँक किती?" प्रश्न रँकचा नव्हता, जातीचा होता. आता मी सरळ सांगते: पास व्हायला सगळ्यांना 50 टक्केच लागतात, पेपर एकच असतो आणि तपासणाऱ्याला माझी जात दिसत नाही.

2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या; सीनियरनी जातीवरून छळल्याचा आरोप होता. ते आठवून माझी आई अजून घाबरते. म्हणून मुलींनो, एकटं राहू नका. आपल्या सीनियर शोधा, कॉलेजचा एससी-एसटी कक्ष कुठे आहे ते पहिल्याच महिन्यात माहीत करून घ्या. त्रास झाला तर तारीख-वेळ लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 आहे. तक्रार केल्याने करिअर संपत नाही. आणि झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल तर मानसोपचार विभागात जा. आपण तिथेच शिकतो, तिथे जायला संकोच कशाला?

प्रथम वर्ष, दिव्यांग प्रवर्ग

थोडक्यात लिहितो. तुमच्या जिल्हा रुग्णालयाचा दाखला पुरत नाही, ठरवून दिलेल्या केंद्रावरच तपासणी होते. मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि हाजीअलीची पुनर्वसन संस्था अशी केंद्रं आहेत. काउन्सेलिंगच्या दिवसांत तिथे गर्दी होते, लवकर जा. "अपंगत्व 40 टक्क्यांच्या वर आहे, जमणार नाही" असं कोणी म्हणालं तर ऑक्टोबर 2024 चा ओमकार गोंड खटल्याचा निकाल दाखवा. नुसत्या टक्केवारीवरून नाकारता येत नाही, विद्यार्थी अभ्यासक्रम करू शकतो का हे तपासणी मंडळाने बघायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय.

इंटर्न, मेळघाट, कोरकू

पसंतीक्रम भरताना घराजवळचं कॉलेज वर ठेवावं की मोठ्या शहरातलं, असं खूप जण विचारतात. मी हॉस्टेल बघून भरला, कारण बाहेर खोली घेऊन राहण्याची आमची ऐपत नव्हती. फॉर्म कॅफेवाल्यावर सोडू नका, स्वतः शेजारी बसा आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवा. शासकीय जागेसोबत एका वर्षाच्या सेवेचा बाँड असतो, आमच्या वेळी तो मोडला तर दहा लाख भरावे लागायचे. हे घरच्यांना आधीच समजावून सांगा. माझ्या बाबांना ते कर्ज वाटलं होतं. मी म्हणालो, बाबा, सरकार पगार देऊन आपल्यासारख्याच गावात काम करायला पाठवतंय. मी पसंती धारणीकडची देणार आहे.