मदत हवी आहे: एआय म्हणतं पुण्यात टंचाई टेलिकॉलरची!

सुईदोरा: मंडळी, अर्जंट आहे. सोमवारी यादी द्यायचीय. सगळ्या जाहिराती एआयला दिल्या, म्हटलं कुठल्या कामाची माणसं मिळत नाहीत ते काढ. पहिल्या नंबरावर टेलिकॉलर, मग डिलिव्हरी बॉय. वेल्डर सतरावा! सर म्हणतात, भोसरीच्या कारखान्यांत कुणालाही विचारा, वेल्डर मिळत नाही. प्रॉम्प्ट चार वेळा बदलला. काय चुकतंय?

चहाटळ: कसली यादी, कुणाला द्यायची, जाहिराती कुठल्या, किती दिवसांच्या? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणता का?

सुईदोरा: एका आयटीआयचं प्लेसमेंट बघते. कुठले शॉर्ट टर्म कोर्स सुरू करायचे ते ठरवायचंय. जाहिराती नोकरीच्या साइटवरच्या, एक्सेलमध्ये. अजून काय सांगू?

पायथॉनप्रेमी: प्रॉम्प्ट सोडा, आधी डुप्लिकेट काढा. कन्सल्टन्सीवाले एकच जागा रोज नव्याने टाकतात. दुसरं, 'व्हीएमसी सेटर', 'सेटर कम ऑपरेटर', 'व्हीएमसी ऑप.' (व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरचं मशीन) हे एआयने तीन वेगळे धंदे धरले असणार. तुमचा वेल्डरही मिग, टिग, आर्क अशा वेल्डिंगच्या प्रकारांत फुटून खाली गेला. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ मध्ये प्रत्येक कामाला आठ आकडी कोड आहे. ती यादी सोबत द्या, जाहिरात वाचून त्यातलाच कोड लाव म्हणावं. 'कळलं नाही तर रिकामं सोड' हेही लिहा, नाहीतर ठोकून देतं. शंभरेक ओळी स्वतः तपासा. मोजणी मात्र एक्सेलनेच.

भोसरीचे काका: सत्तावीस वर्षं टूलरूम चालवतोय, एकदाही साइटवर जाहिरात दिली नाही. लेथवर माणूस हवाय म्हणून गेटवर पाटी आहे, 'टर्नर पाहिजे, त्वरित भेटा'. उन्हाने 'त्वरित' पुसट झालं, टर्नर आला नाही. ही पाटी तुमच्या एक्सेलमध्ये कुठाय?

पायथॉनप्रेमी: फोटो काढा काका, एआय पाटीसुद्धा वाचतं.

चहाटळ: पाटीवर पगार का नाही लिहिलाय ते वाचतं का? बारा तास राबवून चिल्लर द्यायची आणि वर टंचाई म्हणायचं. याला कंजूषपणा म्हणतात.

भोसरीचे काका: तुम्ही कधी पोरगं शिकवलंय का हो? दोन वर्षं मी घासायची, मायक्रोमीटर नीट धरायला लागलं की ते चाकणला. मोठ्या कंपनीचा रेट मला कुठून परवडणार?

ऱ्हस्वदीर्घ: 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा सुंदर शब्द असताना 'एआय' कशाला?

दहावीची आई: मुलाला ७२ टक्के आहेत. फिटर घ्यावा की इलेक्ट्रिशियन? कृपया लवकर सांगा.

निवृत्त बाबू: विषय निघालाच आहे म्हणून. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवाव्या लागत. काकांसारखी वर्कशॉपं तेव्हाही त्याबाहेरच होती. आणि श्रमबलाचं सरकारी सर्वेक्षण, पीएलएफएस, २०१७ पासून होतंय, पण ते घरोघरी जाऊन माणूस रिकामा आहे का विचारतं. मशीन रिकामं आहे का, ते नाही. सुईदोराताई, जाहिराती जास्त म्हणजे टंचाई जास्त असं नसतं, माणसं टिकत नसतील तरी त्या जास्त दिसतात. एकच जागा दोन-तीन महिने भरत नाही आणि मधे पगारही वाढवलाय, अशा शोधा. तारखा आहेत ना?

सुईदोरा: तारखेचा कॉलम मीच उडवला होता. प्रिंट एका पानात बसेना म्हणून.

चहाटळ: 🙏

दहावीची आई: फिटरचं कुणी सांगितलं नाही.

सुईदोरा: अपडेट. फाइल परत उतरवली, तारखा आल्या. टेलिकॉलरच्या निम्म्याहून जास्त जाहिरातींत एकच मोबाइल नंबर निघाला! कोड लावल्यावर सगळे वेल्डर एकत्र आले, सहावा नंबर. सेटरच्या काही जागा दोन महिने तशाच आहेत, आता त्या कंपन्यांना फोन करणार. सरांकडून आठवडा वाढवून घेतलाय. काका, तुमच्या लाइनीतल्या पाट्या बघायला गुरुवारी येऊ का?

भोसरीचे काका: गुरुवारी भोसरी बंद असते. एवढंही सांगितलं नाही का तुमच्या एआयने? शुक्रवारी या. आणि येताना एखादा टर्नर असला तर आणा.