उत्तर: बास फिशिंगमधला पैसा

‘बासमास्टर क्लासिक (अमेरिकेतली बास नावाचे मासे गळाने धरण्याची मोठी स्पर्धा) जिंकली की ३ लाख डॉलर, मासे धरून माणूस गब्बर होतो’ असं वर कुणीतरी लिहिलंय. अहो, ते एकालाच मिळतात! इथे अलाबामात आमचा शेजारी स्पर्धा खेळतो. गंटर्सव्हिल तलावावर निघाला की पेट्रोल पंपावर आधी ट्रक पितो, मग मागची बोट. २५० हॉर्सपॉवरचं इंजिन ते, पंपावरचे आकडे थांबतच नाहीत. प्रवेश फी, मोटेल, सरावाचे दिवस वेगळेच. त्यात हल्ली पाण्यातला मासा पडद्यावर हलताना दाखवणारं सोनार यंत्र (ध्वनिलहरींनी मासे शोधणारं) हवंच म्हणे. बोटीचे हप्ते बायकोच्या पगारातून जातात (ती नर्स आहे, रात्रपाळी करते). गेल्या खेपेला स्पर्धेत वजनाला धरतात ते ५ मासेही भरले नाहीत, बक्षिसाच्या नावाने हाती भोपळा.