अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भावाला बोलवायचंय, त्याला दारू सोडून दोन महिने झालेत. घरचं कसं सांभाळू?

धुळ्याची लेक
माहेर अमळनेर तालुक्यात. भाऊ ३४ वर्षांचा. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यापासून दोन महिने थेंब घेतलेला नाही. गेल्या अखाजीला, आबा गेल्यानंतर त्यांच्या नावाची पहिली घागर होती. हा दुपारीच पिऊन आला, तोल गेला, पाय लागून घागर फुटली. वर ठेवलेलं डांगर (खरबूज) घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलं. आईने एक शब्द न बोलता खापऱ्या पदरात वेचल्या.
यंदा आम्ही तिघी बहिणी जाणार. पण आमच्या ओट्यावर चुलतभावांचा पत्त्यांचा डाव बसतो आणि अंधार पडला की बाटली निघते. आई म्हणते, त्याला बोलवूच नको. मला नाही पटत. आबांची घागर त्यानेच भरायला हवी.

शिरपूरची सून
ताई, आधी त्यालाच विचारा. यायला झेपेल का, किती वेळ थांबशील, हे त्याला सांगू द्या. आमच्याकडे सगळे मिळून मिस्टरांबद्दल ठरवायचे, आणि ते शेजारच्या खोलीत बसून ऐकायचे.
ओट्यावरच्या डावाचं मोठ्या काकांशी आठ दिवस आधी बोला. ऐन सणाला बोललात तर भाऊबंदकी पेटते. घागर, पुरणपोळी, आमरस दुपारीच उरका. चारला तो निघाला तर कुणी अडवू नका.

चाळीसगावकर
मी ९ वर्षं प्यालेलो नाही, एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जातो. पहिल्या सणाला मला बाटलीपेक्षा घरच्यांच्या नजरांनी जास्त छळलं. पाणी प्यायला उठलो की बहीण मागे यायची, मी ठेवलेला पेला हुंगायची. कृपा करून हे करू नका. त्याला काम द्या. मांडे करताना खापराखाली जाळ सारखा लागतो, तिथे बसवा.
"ये ना भाऊ, एक घोटमा काय व्हस?" असं कुणीतरी म्हणणारच. उत्तर आधीच पाठ असू दे: "डॉक्टरांनी बंद केलीय." बास, पुढे वाद घालायचा नाही. आणि केंद्रातल्या एखाद्या मित्राला सांगून ठेवावं, की संध्याकाळी माझा फोन येईल.

परिचारिका, जळगाव
कुणीतरी सांगेल, चहात गुपचूप गोळी घाला. अजिबात नको. डायसल्फिराम, म्हणजे ती दारू सोडवायची गोळी, पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ती गोळी त्याला माहीत असूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.
पाय घसरलाच तर त्या रात्री भांडू नका, दुसऱ्या दिवशी केंद्रात फोन करा. आणि पुन्हा रोजची सुरू झाली तर खोलीत कोंडून सोडवू नका. रोज पिणाऱ्याची एकदम तुटली की झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो. तेव्हा दवाखानाच. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, घरच्यांनीही करावी. आईसाठी अल-अॅनॉन बघा, १९५१ पासून व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठीच चालतं. खापऱ्या वेचणारीलाही कुणाशी तरी बोलायचं असतं हो.

धुळ्याची लेक
शेवटचं वाचून रडू आलं. आत्ताच त्याला फोन केला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, कुंभाराकडून घागर मीच आणतो. पण रात्री थांबणार नाही." काकांकडे रविवारी जातेय. आईला अजून सांगायचंय.