मुलांच्या पोर्ट्रेटसाठी पेस्टल: पैसे आधी कागदावर घाला

पुतणीच्या पोर्ट्रेटसाठी कोणते पेस्टल घ्यावेत, असं इथे विचारलंय, आणि वर दोघांनी ऑइल पेस्टल (तेल-मेणाचे खडू) सुचवलेत. माझं मत उलटं आहे. ते कधी पुरते वाळत नाहीत आणि लहान मुलाच्या गालावरची हळुवार छटा त्यांत जुळवणं अवघड जातं. सॉफ्ट पेस्टलच घ्या, म्हणजे भुकटी सुटणारे कोरडे खडू.

पण खडूंआधी कागद! गुळगुळीत कागदावर भुकटी धरत नाही, दोन थरांनंतर खडू नुसता घसरतो. कॅन्सन कंपनीचा मि-तांत हा १६० जीएसएमचा (चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा) रंगीत कागद चांगला. त्याची एक बाजू जाळीदार असते, दुसरी बरीच बारीक पोताची. बारीक बाजूच वापरा, नाहीतर पोरीच्या गालावर मधमाशांचं पोळं उमटेल. रंग मध्यम करडा किंवा मातकट; पांढऱ्यावर गव्हाळ कातडीचा अंदाज हमखास चुकतो.

'पोर्ट्रेट सेट'मध्ये बऱ्याचदा गुलाबी छटांचाच भरणा असतो. त्यापेक्षा सुटे खडू घ्या: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), रॉ अंबर (मातकट तपकिरी), एक मंद हिरवा, एक निळसर करडा. हिरव्याला बिचकू नका, कानशिलापाशी आणि हनुवटीखालच्या सावलीत तोच कामी येतो. (अमेरिकन चित्रकार मेरी कसॅटची पेस्टलमधली मुलं बघा एकदा.) काळा मात्र डबीतच राहू द्या. डोळे-पापण्यांना दोन-तीन पेस्टल पेन्सिली पुरतात.

फिक्सेटिव्ह (भुकटी कागदाला धरून ठेवणारा फवारा) जपून, उजळ छटा त्याने काळवंडतात. मी तर शेवटचा हात मारल्यावर फवारतच नाही. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून काचेखाली ठेवते, काच चित्राला टेकणार नाही अशी. आणि भुकटीवर फुंकर मारू नका, नाकात जाते. बोर्ड उभा करून मागून टिचकी मारा.