मुलींनी गायलं की विल्यम बर्डचं संगीत बिघडतं?

वसईची आल्टो: काल इथे कुणीतरी लिहिलं, "कॅथेड्रल क्वायरने (मोठ्या चर्चच्या गायकवृंदाने) चार शतकांचं संगीत मुद्रित केलं खरं, पण वरच्या स्वरात मुली आहेत, म्हणजे ते अस्सल नाही." झोप लागली नाही, म्हणून लिहिते. इंग्लंडातल्या सॉल्सबरी कॅथेड्रलमध्ये 1991 पासून मुली गातात, कँटरबरीत 2014 पासून. आणि सोळाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकार बर्डचे तीन मास, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधीसाठीच्या रचना? 1590 च्या दशकात इंग्लंडात कॅथलिक मासवर बंदी होती. ते कॅथेड्रलसाठी नव्हतेच, कॅथलिक घराण्यांत दारं लावून म्हटले जायचे. तिथे घरच्या बायका गप्प बसल्या असतील?

जुना श्रोता: ते मी लिहिलं होतं. "असतील" वर इतिहास उभा राहत नाही. त्याच काळातल्या टॅलिसने चॅपल रॉयलसाठी, म्हणजे राजघराण्याच्या क्वायरसाठी लिहिलं, तिथे मुलंच गायची. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज क्वायरचं 1963 मधलं 'मिझेरेरे' ऐका, इटालियन संगीतकार अलेग्रीची रचना. बारा वर्षांचा मुलगा टॉप सी, म्हणजे अगदी उंचावरचा स्वर लावतो, अंगावर काटा येतो.

पणजीकर: किंग्ज हे कॅथेड्रल नाही, आणि तो टॉप सी अलेग्रीचा नाही! 1630 च्या दशकात पोपच्या सिस्टीन चॅपलमध्ये वरचा स्वर कास्त्राती लावायचे, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेले पुरुष गायक. संगीतकार मेंडेल्सोनने 1831 मध्ये रोममध्ये षड्ज-मध्यम अंतराने चढ्या पट्टीत टिपलेला तुकडा 1880 च्या ग्रोव्ह संगीतकोशात चुकून मूळ चालीला जोडला गेला, त्यातून तो टॉप सी आला. शिवाय तुमचं ते ध्वनिमुद्रण लॅटिनमध्ये नाही, इंग्रजीत आहे. यात अस्सल काय उरलं?

जुना श्रोता: विषय मुलींचा होता, अलेग्रीचा नाही.

पणजीकर: पुरावा तुम्हीच आणलात. आमच्या कोरेज्मातल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) मोतेतांनाही, म्हणजे भक्तिगीतांनाही, लोक असंच "मूळ चाल" म्हणून छळतात.

वसईची आल्टो: म्हणजे कोशातली चूक चालते, मुलगी चालत नाही? अकरा वर्षांची असताना नाताळच्या मासचा सोलो मला पाठ होता. क्वायरमास्तरांनी तो माझ्याहून लहान मुलाला दिला. "परंपरा आहे" म्हणाले. हा शब्द ऐकला की अजून डोकं फिरतं.

जुना श्रोता: माझ्यावर कशाला ओरडता? तेराव्या वर्षी भर मासमध्ये माझा आवाज फुटला आणि पुढच्या रविवारी मी क्वायरमध्ये नव्हतो. तो आवाज मला मुलाच्याच गळ्यातून ऐकायचा असतो. बर्डच्या मासांबद्दल तुमचं बरोबर असेल. "अस्सल" हा शब्द मागे घेतो. आवड मागे घेणार नाही.

वसईची आल्टो: आवडीला कुणी हात लावला नव्हता. मूळ पोस्टमधला तो शब्द तेवढा खोडा.