मुलीचं नाव छापलं नाही, तरी गावाला कळलं. चूक कुठे झाली?

तालुका वार्ताहर

नमस्कार. सहा वर्षं झाली, तालुक्याच्या ठिकाणाहून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. मानधन विचारू नका. गुन्हे आणि कोर्ट माझ्याकडेच, शिवाय जत्रा, बाजारभाव आणि पुढाऱ्यांचे वाढदिवसही.

गेल्या आठवड्यात पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) खटल्यात विशेष न्यायालयाने आरोपीला २० वर्षं सक्तमजुरी दिली. आरोपी मुलीचा सावत्र बाप. मी त्याचं पूर्ण नाव, वय आणि गाव दिलं. मुलीला फक्त 'पीडिता' म्हटलं, इयत्तासुद्धा लिहिली नाही. मथळा डेस्कचा, म्हणजे ऑफिसात बातमी लावणाऱ्यांचा: 'सावत्र बापाला २० वर्षे सक्तमजुरी'. खाली चौकट: 'न्यायालयाचे पोलिसांवर ताशेरे'. शिक्षा सुनावली तेव्हा मी मागच्या बाकावर होतो, न्यायाधीश तपासाच्या ढिलाईबद्दल सरकारी वकिलांना चांगलंच बोलले, ते मी पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "भाऊ, गाव दोनशे उंबऱ्यांचं. त्या नावाचा माणूस एक, त्याच्या घरात मुलगी एक. तुम्ही तिचं नाव टाकलंत काय नि नाही टाकलंत काय." पानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला होता. मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही.

दुपारी पोलीस ठाण्यातून फोन: ताशेरे कुठे आहेत ते दाखवा. निकालपत्राची नक्कल काढली. ४१ पानं. पोलिसांविषयी एक ओळ नाही.

तर प्रश्न दोन. आरोपीचं नाव निकालपत्रातच आहे, मग ते छापलं तर चूक कशी? आणि जे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, ते खोटं कसं?

जुना कोर्टबीट

भाऊ, पहिल्याचं उत्तर बाईंनी दिलंय. मी फक्त कलम जोडतो.

पोक्सो कायदा २०१२ चा, त्याचं कलम २३ आपल्यासाठीच आहे. आपण सगळे त्यातला 'नाव' एवढाच शब्द वाचतो. पुढे वाचा: पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, राहण्याचा परिसर, आणि ओळख उघड होईल असा दुसरा कुठलाही तपशील. 'सावत्र बाप' म्हणजे कुटुंबाचा तपशीलच की. विशेष न्यायालय मुलाच्या हिताचं असेल तर कारणं नोंदवून परवानगी देऊ शकतं, तेवढी एकच वाट. मोडलं तर कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि मालक-प्रकाशकही तितकाच जबाबदार, त्यामुळे 'वार्ताहराने पाठवलं, आम्ही लावलं' हे डेस्कला म्हणता येत नाही.

तुमच्या बातमीत एकेक गोष्ट सुटी घेतली तर निरुपद्रवी वाटते. नातं आहे, पण कोणाचं? नाव आहे, पण मुलीशी संबंध काय? दोन्ही एका पानावर आली की बेरीज होते. म्हणून माझा नियम असा: नातं लिहायचं तर नाव नाही, नाव लिहायचं तर नातं नाही.

पण हे एकट्याने पाळून भागत नाही, आणि ते मी चूक करूनच शिकलो. २०१४ ची गोष्ट. आरोपी मुलीचा मामा. मी नातं ठेवलं, नाव-गाव काढलं. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याने नाव-गाव ठेवलं, नातं काढलं. दोघांनाही वाटलं आपण शहाणे. गावातल्या सलूनमध्ये दोन्ही पेपर येत होते. दाढी होईपर्यंत गिऱ्हाइकाने दोन्ही वाचले, आणि कोडं सुटलं.

त्यानंतर आम्ही चौघांनी ठरवलं. पोक्सोचा निकाल लागला की कोर्टासमोरच्या टपरीवर चहा. कप खाली ठेवायच्या आत ठरायचं: आज काय ठेवायचं, काय काढायचं. कोण कुठल्या पेपरचा हा प्रश्नच नाही. चुरस करायला जमिनीचे घोटाळे पडलेत की.

आणि एक सवय. पाठवायच्या आधी बातमी त्या गावच्या पोस्टमनच्या डोळ्यांनी वाचतो. त्याला घर सापडलं, तर आणखी खोडायचं.

उलटतपास

मी पोक्सोची कामं चालवते. कोर्टबीट दादांशी निम्मी सहमत. 'नाव लिहायचं तर नातं नाही' हे शहरात चालेल. दोनशे उंबऱ्यांत आरोपीचं नाव आणि 'पोक्सो' एवढे दोनच शब्द पुरतात. आरोपी घरातला असेल तर दुसरा पर्याय धरूच नका. नातं ठेवा, नाव जाऊ द्या, गावही जाऊ द्या. वाचकाला कळायला हवं ते हे की माणूस घरातला होता आणि शिक्षा झाली. त्याच्या आडनावाने कोणाचं काय भलं होतं?

निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हेच म्हटलंय: दूरान्वयानेसुद्धा ओळख पटेल असं काही छापायचं नाही. पीडिता मरण पावलेली असेल, घरचे 'छापा' म्हणत असतील, तरीही नाही. त्याच वर्षी जम्मूतल्या कठुआत बलात्कार करून मारलेल्या मुलीचं नाव आणि फोटो छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. ते पैसे जम्मू-काश्मीरच्या पीडित भरपाई निधीत गेले.

आता ज्याकडे कोणीच बघत नाही ते. बलात्काराची कलमंही लावलेली असतील, तर जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७३ वाचा. अशा खटल्याच्या कामकाजाबद्दल काहीही छापायला त्या न्यायालयाची आधी परवानगी लागते, नाहीतर दोन वर्षांपर्यंत कैद. सूट आहे ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना. सत्र न्यायालयाचा निकाल त्यात नाही. म्हणजे 'निकालपत्रात होतं म्हणून छापलं' हा बचाव तुम्हाला वाटतो तेवढा भक्कम नाही. एका पानाचा अर्ज द्या, सरकारी वकिलांमार्फत दिलात तर उत्तम.

जुना कोर्टबीट

ताई, मान्य. लहान गावाचं तुमचं बरोबर आहे, माझा नियम जिल्ह्याच्या शहरात बसून झालेला आहे. अर्जाचं म्हणाल तर इतक्या वर्षांत असा अर्ज मी तिघांनाच देताना पाहिलंय. त्यातला एक मी, आणि तोही नोटीस यायची भीती होती म्हणून.

रात्रपाळी

मी डेस्कवाला. मथळ्याची शिवी आम्हालाच लागते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलतो.

तुम्ही ऐकलं ते खोटं नाही. खोटा आहे 'ताशेरे' हा शब्द. ताशेरे ओढले म्हणजे आदेशात लिहिले, असाच अर्थ वाचक घेतो आणि पोलीसही. न्यायाधीश बोलतात ते बऱ्याचदा वकिलाला चाचपण्यासाठी असतं. ते निकालपत्रात येईलच असं नाही.

तोंडी बोललेलं छापू नये असा मात्र याचा अर्थ नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत मद्रास उच्च न्यायालय निवडणूक आयोगाला तोंडी जे बोललं, ते देशभर छापून आलं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला: माध्यमांना तोंडी शेरे छापण्यापासून रोखा. ६ मे २०२१ ला न्यायालयाने ती मागणी फेटाळली. खुल्या न्यायालयात चाललेल्या चर्चेचं वार्तांकन हा माध्यमांच्या स्वातंत्र्याचाच भाग, पण तोंडी शेरा हा न्यायालयाच्या अधिकृत नोंदीचा भाग नाही, हेही तिथेच स्पष्ट केलं.

म्हणून मी रात्री दोन वेगळ्या ओळी मागतो. 'सुनावणीदरम्यान न्यायालय तोंडी म्हणाले' ही एक. 'आदेशात नमूद केले' ही दुसरी. वार्ताहराने नुसतं 'कोर्टाने झापले' एवढंच पाठवलं, की साडेअकराला पान सोडताना मी 'ताशेरे' लिहिणारच, कारण तो शब्द एका कॉलमात बसतो. खरं सांगतो, तुमच्या चौकटीचंही असंच झालं असणार.

उलटतपास

एक भर. खुल्या न्यायालयातलं असेल तरच हे लागू. पोक्सोचा खटला कलम ३७ नुसार बंद दाराआड चालतो. तुम्ही फक्त शिक्षा सुनावताना आत होतात ना? साक्ष चालू असताना दाराच्या फटीतून किंवा शिपायाकडून कळलेलं काही बातमीत गेलं असेल, तर ते आताच सांगा.

जुना कोर्टबीट

आणि न्यायाधीशांनी 'हे छापू नका' असं नुसतं तोंडी सांगितलं, तरी तो आदेशच धरायचा. नरेश मिरजकर हे 'ब्लिट्झ'चे बातमीदार. एका साक्षीदाराने आपल्या साक्षीची बातमी येऊ नये असं म्हटलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती तारकुंडेंनी तोंडी मनाई केली, आणि मिरजकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ साली नऊ न्यायाधीशांसमोर हरले. नवांपैकी एकटे न्यायमूर्ती हिदायतुल्ला त्यांच्या बाजूने होते.

तालुका वार्ताहर

सगळ्यांचे आभार. नाही ताई, साक्षीचं काही गेलेलं नाही, तेवढं वाचलो.

काल संपादकांना फोन केला. आधी 'बाकीच्यांनी पण छापलंय' असं म्हणाले. कलम २३ मधलं मालक-प्रकाशकाचं वाक्य वाचून दाखवलं, मग अर्ध्या तासात वेबसाइटवरची बातमी उतरली. ई-पेपरचं पान मात्र संध्याकाळपर्यंत तसंच होतं, कारण ते काढणारा मुलगा दुसऱ्या गावी बसतो. ताशेऱ्यांबद्दल उद्या दोन ओळींचा खुलासा येतोय, पान ५ वर, खाली. मुलीबद्दल मात्र खुलासा टाकायचा नाही असं मीच सांगितलं, नाहीतर गाव पुन्हा ती बातमी शोधायला लागेल.

बाईंना फोन केला. मुलगी आज शाळेत आली, म्हणाल्या. मी आणखी काही विचारलं नाही.

सोमवारी कोर्टाच्या बोर्डावर (त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीत) आणखी एक पोक्सो आहे, आरोपी चुलता. इथे आम्ही तिघं वार्ताहर, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. चहाला दोघांनाही बोलावलंय.