मदत हवी आहे: स्किमआर म्हणतंय गोरेगावात जास्तीत जास्त पाऊस १६ मिमी!

गच्चीवरची:
नमस्कार मंडळी, आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकायला लागून जेमतेम महिना झालाय, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर हसा पण उत्तर द्या. आमचे मोठे काका गोरेगावला राहतात, त्यांनी गच्चीवर साधं प्लास्टिकचं पर्जन्यमापक ठेवलंय आणि १९९८ ते २०१९ जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला वर जाऊन पाऊस मोजून वहीत लिहिलाय. बावीस पावसाळे! लॉकडाऊनमध्ये चुलत भावाने सगळं एक्सेलमध्ये टाइप केलं, वहीत होतं तसंच, म्हणजे तारीख-पावसाचे आकडेपण देवनागरीतच. २६८४ ओळी. कॉलम चार, अनुक्रमांक, तारीख, पाऊस, शेरा.

काकांच्या पंच्याहत्तरीला याचा नीट तक्ता करून द्यायचाय. ऑफिसमधला एक जण म्हणाला आधी स्किमआर पॅकेजचं स्किम मार, एका फटक्यात डेटाचा अंदाज येतो. मारलं. पाऊस कॉलमसमोर एन_मिसिंग (रिकाम्या नोंदी) १४३, कम्प्लीट_रेट (भरलेल्यांचं प्रमाण) ०.९४७, मिन १ आणि मॅक्स १६. सोळा मिलीमीटर?? एवढा तर गोरेगाव स्टेशनवरून घरी येईपर्यंत अंगावर पडतो. सरासरी नाही, तो ठोकळ्यांचा छोटासा ग्राफ येतो म्हणतात तोही नाही. शिवाय स्क्रीनवर १ च्या जागी यू+०९६७ असलं काहीतरी दिसतंय.

अजून एक. २६ जुलै २००५ ला वहीत फक्त १२ आहे आणि मोठी नोंद २७ ला. भाऊ टाइप करताना एक ओळ घसरलाय का? तसं असेल तर सगळं परत तपासावं लागेल आणि तो माझ्याशी बोलणार नाही.

सातअठराची_लोकल:
आर सोडा, पायथॉनवर या. पांडाज या पायथॉनच्या लायब्ररीत डिस्क्राइब मारा, झालं काम. पायथॉनच्या इंटला (पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला) तर देवनागरी १२३ दिलं तरी तो सरळ १२३ समजतो.

आकडेमोड्या_दादर:
@सातअठराची_लोकल भाऊ, डिस्क्राइब आपणहून फक्त आकड्यांचे कॉलम घेतो. यांच्या फाइलमध्ये आकडा म्हणून ओळखला जाईल असा एकच कॉलम, अनुक्रमांक. म्हणजे ताईंना २२ वर्षांच्या पावसाऐवजी अनुक्रमांकाची सरासरी मिळेल, १३४२.५. छान तक्ता होईल पंच्याहत्तरीला.

ताई, तुमचं स्किम बरोबरच सांगतंय, तुम्ही वाचताय वेगळं. आउटपुटमध्ये बघा, पाऊस हा कॉलम कॅरेक्टरच्या, म्हणजे मजकुराच्या गटात आला असेल. त्या गटात मिन मॅक्स म्हणजे पाऊस नाही, नोंदीची लांबी, किती अक्षरं आहेत ती. सोळा अक्षरांची कुठलीतरी नोंद आहे, ती शोधा, तिथेच मेख आहे. आणि आरची आवृत्ती सांगा.

गच्चीवरची:
अगं बाई! सापडली. २७ जुलै २००५: "१५०+ भरून वाहिलं". मोजून बघितलं तर बाराच भरतात की हो, तेपण अधिकची खूण आणि मधल्या जागा धरून.

आवृत्ती ४.१, विंडोज १०.

आकडेमोड्या_दादर:
तुम्ही जोडाक्षर-वेलांटीसकट डोळ्याने मोजताय. कॉम्प्युटरला काना, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळी वेगवेगळी अक्षरं. "भरून" चार, "वाहिलं" सहा, "१५०+" चार, दोन मोकळ्या जागा. झाले सोळा.

आधी आर अपडेट करा. विंडोजवर ४.२ पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, आर यूटीएफ-८ वर (सगळ्या लिप्या चालणाऱ्या संकेतपद्धतीवर) आलंय, यू+ ची कटकट जाईल आणि स्किमचा ठोकळ्यांचा ग्राफपण नीट दिसेल. मग चार्टीआर नावाचं फंक्शन आरमध्येच आहे, त्याला देवनागरी दहा अंक आणि समोर इंग्रजी दहा अंक द्यायचे, तो एकास एक बदलतो. तारखांनापण तेच करा, मग लुब्रिडेट पॅकेजचं डीएमवाय, ते दिवस-महिना-वर्ष वाचून तारीख बनवतं.

पण लगेच अ‍ॅज-न्युमेरिक मारू नका!! मजकुराचा आकडा करताना जे आकडा नाही त्याचं तो एनए (म्हणजे नोंदच नाही) करून टाकतो, खाली एक बारीक वॉर्निंग देतो आणि आपण ती वाचत नाही. आधी न बदलणाऱ्या नोंदी वेगळ्या काढून काउंट करून बघा काय काय आहे.

गच्चीवरची:
बघितलं. "१५०+ भरून वाहिलं" एकदाच. बाकी सगळ्या आडव्या रेघा, "–", पाचशेच्या वर. आणि १४३ रिकाम्या आहेत त्या वेगळ्याच. रेघ आणि रिकामं, दोन्हींना शून्य टाकू का?

मुलुंडचा_बेडूक:
थांबा थांबा. काकांनी रेघ का मारली आणि रिकामं का सोडलं हे काकांनाच विचारा. माणूस २२ वर्षं साडेआठला गच्चीवर चढतोय, तो उगाच दोन प्रकारे नाही लिहिणार.

तारखेचं: भावाला सोडा, त्याचं काही चुकलेलं नाही. साडेआठला मोजतात तो मागच्या चोवीस तासांचा पाऊस असतो आणि लिहितात त्या सकाळच्या तारखेला. हवामान खातंपण साडेआठ ते साडेआठच धरतं. सांताक्रूझचा तो ९४४.२ मिमी म्हणजे २७ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा. २६ ला दुपारी जे कोसळलं ते काकांच्या वहीत २७ लाच येणार.

आणि १५०+ च्या जागी ९४४ घालायचा मोह आवरा. त्याच दिवशी कुलाब्याला ७३.४ होता, एकाच शहरात. गोरेगावात नक्की किती ते आता कोणी सांगू शकत नाही. १५० ठेवा आणि शेजारी "किमान" असा एक कॉलम करा. मीडियनला (मधल्या किमतीला) एका नोंदीने ढिम्म फरक पडत नाही, पण २००५ ची बेरीज दाखवाल तिथे "याहून जास्त" असं लिहा.

गच्चीवरची:
काकांना फोन केला, पाऊण तास बोलले. रेघ म्हणजे वर जाऊन बघितलं, थेंब नव्हता. रिकामं म्हणजे गणपतीला गावी गेले होते, दरवर्षी सहा-सात दिवस. २२ वर्षांचे १४३, बरोबर जुळतं!

रेघांना शून्य केलं, रिकाम्या तशाच ठेवल्या. आता स्किममध्ये पाऊस न्युमेरिकच्या गटात आला, मीन (सरासरी) १७, पी५० (म्हणजे मीडियन) फक्त ५, आणि तो ग्राफ आला!! पहिला ठोकळा उंच आणि पुढे सगळे जमिनीला टेकलेले.

आकडेमोड्या_दादर:
मस्त. तो ग्राफ म्हणजेच मुंबईचा पावसाळा, बरेच दिवस किरकोळ आणि मोजके दिवस धो धो. एक लक्षात ठेवा, स्किम सरासरी काढताना एनए गुपचूप वगळतो, ते ठीक. पण महिन्याची बेरीज करताना एनए वगळले की ते दिवस शून्य धरल्यासारखेच होतात आणि तुमचे रिकामे दिवस सगळे ऑगस्ट-सप्टेंबरचे. सप्टेंबर उगाच कोरडा दिसेल. प्रत्येक महिन्यापुढे किती दिवस मोजलेत ते लिहा.

मुलुंडचा_बेडूक:
+१. आणि पावसाचे दिवस मोजणार असाल तर शून्याच्या वर नको, खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिमी किंवा जास्त धरा.

गच्चीवरची:
धन्यवाद सगळ्यांना. एक राहिलं सांगायचं, काका म्हणाले शेवटची काही वर्षं ते गावी असताना बिल्डिंगचा वॉचमन मोजायचा आणि त्यांच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचा, वहीत उतरवायचं राहूनच गेलं. कॅलेंडरं माळ्यावर आहेत म्हणे. रविवारी भावाला घेऊन जातेय, टाइप करायला तोच बसणार, अजून त्याला सांगितलेलं नाही.